इस्मे टँटी सहज गेली

इस्मे टँटी, म्हणजे आम्हा सगळ्यांची इस्मे मावशी, गुरुवारी सकाळी एकटीच समोरच्या पिटी मार्टिनिक बेटाच्या बोटीत बसली, आणि ती पलीकडे पोचायच्या आत आमच्या विंडवर्ड गावात तिच्या जाण्याची चार कारणं तयार झाली. कुणी म्हणालं, दमा उलटलाय, तिकडच्या नर्सला दाखवायला गेली असेल. कुणी म्हणालं, आईकडच्या जमिनीचं काहीतरी निघालंय. तिसरं कारण नणंदेशी भांडण. आणि चौथं त्या नणंदेनंच, क्लेमीनं, काढलं. "बाप्या असणार. या वयात बाई मानेला पावडर लावून, चर्चची टोपी घालून एकटी बोटीत बसते, ती काय मासे मोजायला?"

खरं कारण कुणाला सुचणं शक्य नव्हतं, कारण ती विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर देत होती: "सहज चाललेय." आमच्या कॅरियाकू बेटावर सहज कुणी कुठं जात नाही. माणूस पलीकडे जातो तो मयताला, लग्नाला, नाहीतर कुणाची नवी होडी पाण्यात उतरवायला, आणि जातो तोही घोळक्यानं. एकटे फिरतात ते पर्यटक. त्यांचं आम्ही मनावर घेत नाही. घरी कुणी विचारणारं नसेल बिचाऱ्यांना.

त्यात ते सोडणीचे दिवस. पावसाळाभर आम्ही शेळ्यामेंढ्या दाव्याला बांधतो आणि पीक घरात आलं की मोकळ्या सोडतो. मग त्या कुणाच्याही अंगणात शिरतात, कुणाचंही वाळत घातलेलं खातात आणि कुणी काही म्हणत नाही. बोटवाला केंड्रिक दोर सोडता सोडता म्हणाला, "काय टँटी, यंदा तुलाही सोडली वाटतं?"

"सोडणार कोण मला? माझी मी सुटले," इस्मे म्हणाली आणि टोपी धरून बसली.

गोष्ट अशी होती की शनिवारी तिचा मुलगा ऑल्स्टन ब्रुकलिनहून येणार होता आणि मंगळवारी तिला घेऊन जाणार होता. कायमची. तिकिटं काढून झाली होती. जांभळ्या रंगाची मोठी बॅग तिच्यासाठी पुढे पाठवली होती, ती दारामागे उभी होती. इस्मेला जायचं नव्हतं. पण हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलाला तर नाहीच. चौसष्टाव्या वर्षापर्यंत तिनं कुणालाही, कशालाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं, आणि ते म्हणतात कसं हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

ती आठ भावंडांतली थोरली. आई लिडिया पिटी मार्टिनिकची, बेथेलांच्या घरातली. धाकट्याच्या बाळंतपणानंतर माहेरी गेली ती तिकडेच वारली, तिकडेच पुरली. इस्मे तेव्हा सोळाची. दुसऱ्या दिवसापासून ती चुलीपुढे उभी राहिली, ती राहिलीच. भावंडं हाताखालून गेली न गेली तोच रूबेन मॅकफार्लनशी लग्न झालं. रूबेन मालाच्या गलबतावर. वर्षाचे आठ महिने समुद्रावर आणि उरलेले चार महिने भुकेला. चार मुलं झाली. ती मोठी होऊन ब्रुकलिनला गेली आणि तिथून आपापली पोरं आजीकडे पाठवत राहिली. उन्हाळ्यापुरती आलेली नातवंडं शाळा संपेपर्यंत राहिली. मध्येच सासू अंथरुणाला खिळली, तिची नऊ वर्षं काढली. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "देवानं आमच्या इस्मेला सगळं दिलंय, फक्त 'नाही' द्यायला विसरला." लोक हसायचे. इस्मेही हसायची. यात हसण्यासारखं काय आहे, हे विचारावं असं तिच्या मनात पुढे कधीतरी आलं, पण तोवर सासू गेली होती आणि तिच्यामागून रूबेनही.

गेल्या वर्षी शेवटची नात ग्रेनेडाला कॉलेजात गेली. बायका सांत्वनाला आल्या. म्हणाल्या, रिकामं घर खायला उठेल गं तुला. इस्मेनं मान हलवली. दुसऱ्या सकाळी ती उठली, एक कप कोको केला, आणि तो कप गरम असताना शेवटपर्यंत प्यायली. असं तिनं याआधी कधी केलं होतं, हे तिला आठवेना. घर तिला खायला उठलं नाही. घर नुसतं गप्प होतं, आणि ते गप्प घर तिला फार आवडलं. आपल्याला हे आवडतंय, याचीच तिला लाज वाटायची.

ब्रुकलिन तिनं पाहिलेलं होतं. मधल्या नातवाच्या वेळी सहा महिने राहून आली होती. चौथा मजला, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, दाराला तीन कुलपं. सून शेर्नेल नर्स, ती रात्रपाळीला, ऑल्स्टन दिवसपाळीला. दोघंही स्वभावानं चांगली. दोघांनी तिला कोट घेऊन दिला, बूट घेऊन दिले, आणि तुला इथं बरं वाटतंय का, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं. इस्मेनंही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय सांगायची तिला सवय नव्हती, आणि विचारायची तिच्या घरात कुणाला सवय नव्हती.

मग या जानेवारीत ऑल्स्टनचा फोन आला. जुळी झाली होती. "आई, आता तू येच. या वेळी कायमची. एकटी काय करतेस तिथं? घर क्लेमीआत्याला दे वापरायला."

"हं," इस्मे म्हणाली.

ऐकतेय, एवढाच त्याचा अर्थ. पण आयुष्यभर तिच्या 'हं'ला सगळ्यांनी होकारच धरलं, मुलानं तरी दुसरं काय धरावं? आठवड्यात तिकिटं आली.

तेव्हा इस्मेनं ठरवलं की मुलगा यायच्या आधी दोन दिवस कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी जाऊन बसायचं आणि 'नाही' म्हणायचा सराव करायचा. ती काही मोठी प्रवासी नव्हती. व्हरांड्यात कपडे वाळत घालताना जे बेट रोज समोर दिसायचं, तेच तिला आठवलं. पिटी मार्टिनिक म्हणजे तरी काय, एक डोंगर, त्याच्या पायाशी एक रस्ता, आणि रस्त्याला कुठं जायची घाई नाही.

जेटीवर उतरून ती सरळ मिस अर्डेलच्या दुकानात गेली. दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या, पाणबुड्यांना आणि पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या. अर्डेल तिच्याच वयाची, रुंद बांध्याची, आणि गावातली प्रत्येक बातमी तिच्या गल्ल्यावरून पुढे जायची.

"अगं बाई, इस्मे! कुणाकडे आलीस? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. तुझ्याकडेच आलेय. खोली हवी."

"कुणाला?"

"मला."

अर्डेलनं हातातला तराजू खाली ठेवला. "तुला? वर थिओफिलचं एवढं घर पडलंय, तुझ्या आईचा सख्खा चुलतभाऊ, आणि तू भाड्यानं खोली घेणार? अगं, उद्यापासून तो माझ्या दुकानातून मीठ घ्यायचा नाही!"

"मग साखर घेईल. किल्ली दे."

"पण आलीस कशाला?"

"सहज."

"सहज," अर्डेल म्हणाली आणि तिनं किल्ली दिली, पण अशा नजरेनं की डॉक्टरनं जीभ बघून काही न बोलता चिठ्ठी लिहावी.

खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीतून पलीकडे विंडवर्ड दिसत होतं, आणि नीट पाहिलं तर तिचं स्वतःचं घरही, नखाएवढं. दोरीवर राहिलेली चादर हलत होती. इस्मे खुर्चीत बसून त्या घराकडे बघत राहिली. तिथून कितीही ओरडलं तरी इथं ऐकू येणार नव्हतं. तिनं टोपी काढली, बूट काढले आणि भर सकाळी खाटेवर आडवी झाली. दिवसा झोपणं तिला आजारपणातही जमलं नव्हतं. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर सरकलं होतं आणि तिच्या छातीवरून कुणीतरी पाट्याएवढा दगड उचलून नेला होता. इतकं हलकं वाटतं माणसाला? आणि हे लोकांना रोज वाटत असतं? तिला क्षणभर सगळ्या जगाचा राग आला, मग भूक लागली.

खाली जाऊन तिनं अर्डेलला विचारलं, "मक्याच्या पिठाचा कूकू करशील? तुरीच्या दाण्यांबरोबर, खारवलेला मासा घालून. आई करायची तसा."

"आई करायची तसा," अर्डेल सावकाश म्हणाली.

कललेल्या उन्हात इस्मे किनाऱ्यावर गेली. गावात सगळ्यात चांगला वारा दफनभूमीपाशी. आमच्याकडे चांगल्या जागा मेलेल्यांना देतात, जिवंत माणसं डोंगरावर घामाघूम होतात. बदामाच्या झाडाखाली, आईच्या कबरीशेजारच्या बुटक्या भिंतीवर ती बसली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं घसा साफ केला.

"नाही," ती म्हणाली.

भलतंच झालं. कुणाची तरी माफी मागितल्यासारखं वाटलं. तिनं पुन्हा म्हटलं, जरा जोरात. मग रागावून म्हटलं, मग गोड बोलून म्हटलं. "नाही रे बाळा. नाही जमायचं मला. नाही म्हणजे नाही." सोडणीतली एक काळी शेळी कबरीवरचं गवत खाता खाता थांबून तिच्याकडे बघत राहिली. शेळीला नाही म्हणणं सोपं होतं. ऑल्स्टनचा चेहरा डोळ्यांपुढे आणला की जीभ टाळूला चिकटायची आणि 'हं' बाहेर पडायचं. सूर्य बुडेपर्यंत तिचं हे चाललं होतं, हातवाऱ्यांसकट. शेवटी शेवटी तर डोळेही पुसून झाले.

आता दफनभूमीच्या बरोब्बर वर पापा थिओचा व्हरांडा होता. थिओफिल बेथेल, वय ब्याऐंशी, तरुणपणी गलबतांवर, आता दुर्बीण घेऊन खुर्चीवर. समुद्रावरचं जे सरकारला दिसत नाही ते पापा थिओला दिसतं, अशी त्याची ख्याती. त्यानं सगळं पाहिलं. मग तो काठी टेकत अर्डेलकडे उतरला. सहज आलेली बाई. नातेवाईक सोडून खोलीत राहणारी. आईच्या हातचं जेवण मागणारी. आईच्या कबरीपाशी बसून बोलणारी, रडणारी. दोघांना आणखी काही विचारायची गरजच पडली नाही.

शुक्रवारी इस्मे खाली आली तर अंगणात एक कोंबडा बांधलेला, तीन दगडांच्या चुली मांडलेल्या, दोन बायका सुपात तूर निवडताहेत आणि पापा थिओ पांढरा सदरा घालून मधोमध उभा.

"पापा थिओ, हे काय चाललंय? कुणाचं लग्न?"

म्हाताऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. "बोलू नकोस. ताट मांडायच्या आधी बोलायचं नसतं."

"अहो पण..."

"शू! आम्हाला सगळं समजतंय."

तेव्हा इस्मेला उलगडा झाला. आमच्याकडे रीत अशी, की गेलेलं माणूस स्वप्नात येऊन जेवण मागतं. मग ज्याला स्वप्न पडलं त्याच्या माणसांनी चुली पेटवायच्या, सगळ्या गावाला जेवू घालायचं, आणि पांढऱ्या कापडाच्या टेबलावर आधी त्या माणसाचं ताट मांडायचं. ताट मांडलं की मगच स्वप्न सांगायचं. आणि गेलेल्या माणसानं स्वप्नात जे सांगितलं असेल ते मोडायचं नाही. राजा असो नाहीतर ब्रुकलिनवाला.

तिनं अर्डेलला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार ओढून घेतलं. "अर्डेल, मला स्वप्न पडलेलं नाही."

"काय?"

"नाही पडलं. आई आलेली नाही. मी सहज आलेय, खरंच सहज."

अर्डेल मटकन पिठाच्या डब्यावर बसली. "अगं बये! मेंढा कापून झाला!" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मग काल आईच्या उशाशी बसून काय बोलत होतीस?"

"आईशी नव्हते बोलत. ऑल्स्टनशी बोलत होते. म्हणजे सराव करत होते." आणि मग जांभळी बॅग, चौथा मजला, ते 'हं', सगळं इस्मेनं एका दमात सांगून टाकलं. आपण हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतोय, हे तिला सांगून झाल्यावर कळलं.

अर्डेलनं पापा थिओला आत बोलावलं. त्यानं उभ्यानंच ऐकून घेतलं. रागावेल असं वाटलं होतं, पण तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग दात दिसले, होते तेवढे.

"कापलेला मेंढा परत उभा राहत नाही," तो म्हणाला. "लिडियाला आपण जेवू घालून किती वर्षं झाली? स्वप्न नसलं तरी ती ताट परत नाही पाठवायची. उद्याचं जेवण होऊ दे. आणि इस्मे, तू कशाला चिंता करतेस? गावानं तुझ्यासाठी दार उघडून ठेवलंय. पोरगा उद्या आला की सगळ्यांदेखत सांग, आई स्वप्नात आली आणि म्हणाली, बेट सोडू नकोस. संपलं! मेलेल्या बाईचा शब्द कुणी खाली पडू देत नाही."

"आणि जिवंत बाईचा?" इस्मेनं विचारलं.

"जिवंत बाईला विचारतो कोण? तुला इतकी वर्षं कुणी विचारलं?"

"नाही विचारलं," इस्मे म्हणाली.

तोड तर बिनतोड होती. साप मरेल आणि काठीही मोडायची नाही. ऑल्स्टन रागावणार नाही, सून बोलणार नाही, क्लेमीची तर बोलतीच बंद. दुपारभर कांदे चिरता चिरता इस्मे ते वाक्य मनात घोळवत राहिली. आई आली, म्हणाली, बेट सोडू नकोस. पहिल्याच झटक्यात ते इतकं सफाईनं आलं की तिलाच नवल वाटलं. त्या एका 'नाही'साठी संध्याकाळभर घसा कोरडा केला होता, आणि हे असं लोण्यातून सुरी गेल्यासारखं. तिला सुटल्यासारखं वाटलं खरं. पण कालच्या झोपेनंतरचं जे हलकेपण होतं, तसं ते नव्हतं.

शनिवारी दुपारी केंड्रिकच्या बोटीतून ऑल्स्टन उतरला, आणि त्याच्यामागून क्लेमी. क्लेमीला तो बाप्या बघायचा होता. अंगणात येताच तिनं इस्मेच्या कानाशी लागून विचारलं, "कुठंय तो?" इस्मेनं गोंधळून पापा थिओकडे पाहिलं. क्लेमीनंही पाहिलं आणि तिचा आ वासला. "हा? देवा रे! अगं, याच्या तोंडात तर दातसुद्धा पुरते नाहीत!"

ऑल्स्टननं आईला मिठी मारली. दमलेला दिसत होता, डोळ्यांखाली काळं, दाढीत पांढरं आलेलं. "आई, मला कळवायचंस तरी. आजी आली होती स्वप्नात? केंड्रिकनं सांगितलं." आवाज आपोआप खाली आला होता त्याचा. ब्रुकलिनला राहिला तरी पोर आमचंच, रीत विसरलेलं नव्हतं.

मग ताट मांडलं. पांढरं कापड, मेणबत्ती, कूकूचा गोल गोळा, खारवलेला मासा घातलेली तुरीची आमटी, मेंढ्याचं मटण, भाजलेला नीरफणस, आणि बर्फही बुडतो अशा आमच्या कडक रमचा एक पेला. पापा थिओनं थोडी रम जमिनीवर ओतली आणि टोपी काढली. अंगणातल्या बाकीच्या पुरुषांनीही काढल्या. अर्डेलनं इस्मेकडे पाहून हळूच मान हलवली, म्हणजे सांगून टाक आणि मोकळी हो.

"बोल, इस्मे," पापा थिओ म्हणाला. "काय म्हणाली लिडिया?"

इस्मेनं वाक्य जिभेवर आणलं आणि मुलाकडे पाहिलं. ऑल्स्टन टोपी छातीशी धरून उभा होता, सगळा जीव कानांत आणून. पण तो बघत होता ताटाकडे. त्या वाफाळत्या कूकूकडे, मेणबत्तीकडे. जे काही यायचं ते तिकडूनच येणार, अशा भावनेनं. ते ऐकून तो मान डोलावणार होता आणि निघून जाणार होता, आणि आपल्या आईला काय हवं होतं हे त्याला या जन्मात कळणार नव्हतं.

"आई काही म्हणाली नाही," इस्मे म्हणाली.

कुजबुज उठली. पापा थिओ खाकरला. "आठव, आठव नीट. बेटाबद्दल काहीतरी..."

"मला चांगलं आठवतंय, पापा. आईला मध्ये आणू नका, तिला जेवू द्या. मी बोलतेय." तिचा आवाज कापत होता, पण निघत होता. "ऑल्स्टन, तिकडे काय बघतोस? इकडे बघ, माझ्याकडे. मी येणार नाही."

ऑल्स्टननं पाहिलं. "म्हणजे मंगळवारी नको? पुढच्या..."

"नाही. मंगळवारी नाही, पुढेही नाही. मला तिथं राहायचं नाही."

"पण आई, तू फोनवर..."

"मी 'हं' म्हणाले. 'हो' म्हणाले नव्हते."

"मग पोरांचं काय?" तो एकदम ओरडला. "शेर्नेल रात्री कामाला, मी दिवसा. कोण बघणार?"

"तुम्ही बघाल. चिडाल, दमाल, भांडाल, पण बघाल. उन्हाळ्यात आण त्यांना, महिनाभर ठेवीन. महिनाच. मग न्यायची परत."

"हे सगळ्या गावासमोर सांगायचं होतं तुला?"

"एकटं असताना मला जमलं नसतं रे," इस्मे म्हणाली. "तू 'आई' म्हणाला असतास आणि मी 'हं' म्हणाले असते."

क्लेमीच्या डोक्यात हिशेब आता कुठं पुरा झाला होता. "म्हणजे मग ते घर..."

"घरात मी राहते, क्लेमी."

कुणीतरी फिसकन हसलं. ऑल्स्टन हसला नाही. तो टोपी हातात फिरवत राहिला. आईला इतकी वाक्यं एकामागून एक बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या तोंडावर राग होता की दुसरं काही, ते त्याचं त्यालाही कळत नसावं. शेवटी म्हणाला, "तुला तिथं इतकं वाईट वाटत होतं?"

"खिडकीतून नुसती भिंत दिसायची."

"कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही. दोघांचंही चुकलं. बस आता, जेव."

पापा थिओनं डोळे पुसल्यासारखं केलं आणि रागावल्यासारखा ओरडला, "लिडियाचं जेवण थंड होतंय आणि तुमचं भाषण संपत नाही! वाढा रे!" मग जी झुंबड उडाली ती उडाली. अर्डेलनं इस्मेला धरून बाकावर बसवलं आणि पुढ्यात ताट आणून ठेवलं. दुसऱ्यानं वाढलेलं, बसल्या जागी. इस्मे दोन ताटं जेवली. तिसऱ्यांदा कूकू घेताना तिला रडू आलं आणि हसूही, आणि तिनं दोन्ही आवरलं नाही. शेजारी ऑल्स्टन जेवत होता. जरा वेळानं त्यानं स्वतःच्या ताटातला माशाचा मऊ तुकडा उचलून तिच्या ताटात ठेवला.

उन्हं उतरली तशी केंड्रिकनं शिटी मारली. विंडवर्डचे लोक जेटीवर जमले. क्लेमी बोटीत बसून उरलेलं मटण मांडीवर सांभाळत होती. ऑल्स्टन अजून पुरता निवळलेला नव्हता. शेर्नेलला हे फोनवर कसं सांगायचं, याचे शब्द तो जुळवत असावा. तरी त्यानं बोटीत उतरून आईला द्यायला हात पुढे केला. सवयीनं, जसा तो लहानपणापासून करत आला होता.

"चल आई. आत्यानं जागा धरलीय. घरी जाऊन कोको कर मस्तपैकी, तुझ्या हातचा प्यायलो नाही कित्येक वर्षांत."

केंड्रिकनं दोर हातात घेतला होता. सगळे तिच्याकडे बघत होते. वारा छान सुटला होता आणि वरच्या खोलीची खिडकी तिनं उघडीच ठेवली होती.

"नाही रे बाळा," इस्मे म्हणाली. "दोन दिवसांनी येते. डब्यात कोको आहे, तूच कर."

या वेळी घसा साफ करावा लागला नाही.